बदल्यात काय

"तुला काय येतं?" माझ्या सासूबाईंनी विचारलं.

दारातली बाई माझ्याच वयाची असेल. पोटऱ्यांपर्यंत चिखल, ओल्या पदराचं टोक दातांत धरलेलं. समोरच्या शाळेतून आली होती. तिला वाटीभर साखर हवी होती.

"येतं म्हंजे?"

"हाताला काम काय येतं? शिवण, टिपण, केरसुणी बांधणं, दोर वळणं. काहीही."

"मी रानात जाते भांगलायला," ती म्हणाली. "आता रान पाण्यात हाय."

"मग विचार करून ये."

सासूबाईंनी ट्रंकेचं झाकण लावलं, कुलूप अडकवलं आणि किल्लीची नाडी गळ्यात घालून पदराआड सोडली. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवर दूध पीत असलेल्या हन्नाकडे पाहिलं आणि पायऱ्या उतरून गेली.

सकाळचे दहा वाजले होते. कृष्णेच्या पुराचा चौथा दिवस होता.

मी हन्नाला दुसऱ्या अंगावर घेतलं. त्या घरात मला महिनाही झाला नव्हता. बाळंतपण माहेरी, श्रीरामपूरला झालं. मुलीचा बाप्तिस्मा आपल्या चर्चमध्येच व्हावा असा सासूबाईंचा हट्ट, म्हणून माझा नवरा प्रसन्न आम्हाला गावी घेऊन आला. बाप्तिस्मा झाला आणि तो नोकरीसाठी पुण्याला परतला. "महिनाभर आईजवळ राहा, तुम्हा दोघींची ओळख होईल," असं म्हणून गेला. मग धरणाचं पाणी सोडलं, पूल बुडाला, वीज गेली, मोबाईल विझले. ओळख व्हायला दुसरं काही शिल्लकच राहिलं नाही.

सासूबाईंचं नाव सालोमी लोंढे. मिशनचं मुलींचं बोर्डिंग बंद पडेपर्यंत त्यांनी तिथं शिवण शिकवलं. गाव त्यांना सालूबाई म्हणायचं. चर्चच्या कुशीला टेकावर त्यांच्या दोन खोल्या, आणि अंगणापलीकडे शाळा. खालच्या गल्ल्यांतली चाळीस-पन्नास घरं त्या शाळेत येऊन राहिली होती, नेसत्या कपड्यांनिशी. टेकाच्या भोवती चारही बाजूंनी पाणी. दुकानं पाण्यात, बँक पाण्यात. खिशात नोटा असलेली माणसंही शाळेच्या वऱ्हांड्यात रिकाम्या हातानं बसलेली.

आणि आमच्या घरात ती ट्रंक.

लग्न ठरवायला आल्या होत्या तेव्हाच सासूबाईंनी मला विचारलं होतं, "मुलीच्या हाताला काय येतं?" माझे बाबा कौतुकानं म्हणाले, "बी.कॉम. झालीय. कॉम्प्युटर सगळा येतो." "आणि वीज गेल्यावर?" असं त्यांनी विचारलं. सगळे हसले. त्या हसल्या नव्हत्या.

त्यांचं म्हणणं असं की वाईट दिवस येणार हे प्रभूनं सांगून ठेवलंय, तारीख तेवढी सांगितली नाही. तेव्हा विश्वासणाऱ्यानं तयारीत असावं. तयारी म्हणजे दोनच गोष्टी: हातात एक काम आणि घरात चार अशा वस्तू की ज्यांना कुणी नाही म्हणणार नाही. चर्चमध्ये हंगामाच्या सणाला लोक आपापल्या उत्पन्नातलं आणून वाहतात आणि मग त्याचा लिलाव होतो. बाकीच्या बायका भोपळ्यावर, कोंबडीवर बोली लावायच्या. ह्या मिठाच्या पुड्यांवर. अशी वीस वर्षांची ट्रंक: मीठ, साखर, तुरटी, साबण, सुया, दोरा, मेणबत्त्या, आणि दमट हवेत सादळू नयेत म्हणून एकेक काडी वितळलेल्या मेणात बुडवून ठेवलेल्या आगपेट्या. "पैसा कागद होईल त्या दिवशी मीठ मीठच राहील," असं त्या म्हणायच्या.

आता तो दिवस आला होता, आणि सालूबाई सौदा करत होत्या.

हापशाला गढूळ पाणी येत होतं. ते निवळायला तुरटी हवी, ती फक्त आमच्याकडे. कासारगल्लीतल्या दत्ता न्हाव्यानं तुरटीचा खडा मागितला, तर त्याला शाळेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या करायला लावल्या. एका विधवा बाईनं दोन मेणबत्त्या नेल्या, तिच्याकडून अंगणात पडलेल्या फांद्या तोडून घेतल्या. एका म्हातारबुवांना काही म्हणता काही येत नव्हतं. सासूबाईंनी त्यांना पायरीवर बसवून अर्धा तास जुनी गाणी म्हणायला लावली आणि मग साबणाची वडी दिली. मी आतून बघत होते. मला त्या म्हातारबुवांकडे बघवेना.

वस्तू द्यायची रीत ठरलेली. खाकी कागदात बांधायची, दोन हातांनी द्यायची, आणि समोरच्यानं बदल्यात जे दिलं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. "दत्तूनं दाढ्या केल्या. दत्तूची तुरटी." असं चारचौघांत. मला वाटायचं, ह्यांना मिरवायचंय.

त्या दिवशी जेवताना मी बोललेच.

"आई, वाटीभर साखरेनं आपलं काय गेलं असतं?"

"काही नाही."

"मग दिली का नाही?"

"योसेफानं मिसरात कोठारं उघडली तेव्हा धान्य विकलं. फुकट वाटलं नाही."

"प्रभूनं पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं, तुला काय येतं म्हणून."

त्यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं आता चिडतील. पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी मजेचं चमकलं.

"बायबल वाचतेस म्हणायची. मग हेही वाचलं असशील. आधी कुणीतरी आपली शिदोरी काढून दिली होती. पाच भाकरी, दोन मासे. अगदी रिकाम्या हातांवर प्रभूनंसुद्धा सुरुवात केली नाही." मग भात कालवत म्हणाल्या, "आणि दाराशी येणारा प्रत्येक जण साखरच मागायला येतो असं नाही. कुणी काय पाहायला येतं, सांगता येत नाही. तू ट्रंकेजवळ बसून पाजत जाऊ नकोस."

असा त्यांचा स्वभाव. खिडकीतून शाळेकडे बघायच्या, शाळा त्यांच्याकडे बघायची. हापशावर मी गेले की बायका बोलता बोलता थांबायच्या. त्यांत हौसाबाई नावाची एक म्हातारी होती. ती तर हन्नाकडे बघून पदर तोंडाला लावायची, जणू आमची दृष्ट उलटी त्यांनाच लागणार होती. कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं: शनिवारी सैन्याची बोट लेकुरवाळ्यांना न्यायला येणार आहे, त्या बोटीनं हन्नाला घेऊन जायचं. प्रसन्नला सांगायचं की तुझी आई बुडत्या माणसांशी सौदे करते, आणि माझी मुलगी ह्या घरात वाढणार नाही. पुन्हा इथं पाऊल ठेवायचं नाही.

दुपारी सासूबाई चर्च झाडायला गेल्या. पूर असो नसो, गुरुवारी त्या चर्च झाडायच्या.

तीच बाई पुन्हा आली. ह्या वेळी पायरीवर न थांबता मागच्या दारानं, स्वयंपाकघराशी.

"सालूबाई न्हाईत न्हवं?"

"नाहीत. काय झालं?"

"पोरगं," ती म्हणाली आणि तिनं दाराची चौकट धरली. "दहा म्हयन्यांचं हाय. काल सांजपासनं अकरा जुलाब झाल्यात. डोळं आत गेल्यात. डाक्टर पलीकडं. एक बाई म्हणली, साखर-मिठाचं पाणी द्या."

"सकाळी का नाही सांगितलंत?"

तिनं पदराचं टोक पुन्हा दातांत धरलं.

तिचं नाव रेणुका. हे मी तेव्हा विचारलंसुद्धा नाही. हन्नाला खाली गोधडीवर ठेवलं आणि डबे काढले. ट्रंकेची किल्ली माझ्याकडे नव्हती, पण स्वयंपाकाची साखर होती, मीठ होतं. किती पाण्यात किती घालायचं ते मला पाठ होतं. माहेरी दवाखान्याच्या भिंतीवर लहानपणापासून वाचलेलं. बांधून द्यायला कागद सापडेना. सासूबाईंचे खाकी कागद म्हणजे बोर्डिंगच्या शिवणवर्गातले जुने बेतायचे कागद. तेही कापून ट्रंकेतच ठेवलेले. वर्तमानपत्रं ओल्या फरशीवर पसरून संपली होती. भिंतीला मागच्या वर्षीची चर्चची दिनदर्शिका खिळ्याला तशीच होती. तिचं एक पान मी टरकन फाडलं.

"लिटरभर पाणी उकळून गार करा. त्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट देत राहा. दूधही पाजत राहा, तोडू नका."

"दूध कमी झालंय माझं. खाल्लेलं न्हाई काय दोन दिस." पुडी हातात धरून ती तशीच उभी राहिली. "बदल्यात काय देऊ?"

"काही नको. घेऊन जा."

"तसं कसं..."

"जा हो तुम्ही. आणि आमच्या आईंना कळू देऊ नका."

"आमच्या आत्यास्नी पन," ती म्हणाली. आत्या म्हणजे तिची सासू. त्याही स्थितीत आम्ही दोघी एकमेकींकडे बघून जराशा हसलो.

पण वळताना तिचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, मुलाच्या काळजीनं. ती गेल्यावर मी हन्नाला उचललं, तिच्या टाळूचा वास घेतला आणि मनात म्हटलं, बघ, ह्या घरात आज पहिल्यांदा कुणीतरी देवाचं काम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुका हापशावर दिसली. कडेवर पोरगं होतं, मलूल, पण डोळे उघडे. मी जवळ जाऊन विचारलं, "थांबले का?" तिनं मान हलवली, हो की नाही ते कळण्याआधी घागर उचलली आणि निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारी ती हौसाबाई उभी होती. म्हणजे रेणुकाची आत्या हीच. मला वाईट वाटलं. मग राग आला. जिचं पोर जगवलं तिनं तोंड फिरवावं? सासूनं काहीतरी भरवलं असणार. किंवा कुणी काहीतरी बघितलं असणार. दिवसभर माझं लक्ष शाळेकडे होतं. वऱ्हांड्यात माणसांचा एक घोळका जमत होता, फुटत होता, पुन्हा जमत होता.

दुपारी तीनच्या सुमारास घोळका अंगण ओलांडून आमच्या दाराशी आला.

पुढे संपतराव होते. गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. पहिल्या रात्री त्यांनीच लोकांना खांद्यावर घेऊन शाळेत आणलं होतं. चार दिवसांत ते झोपले नसावेत. मागे दहा-बारा माणसं, बाजूला बायका. संपतरावांच्या हातात एक चुरगळलेला कागद होता. मी लांबूनच ओळखला.

"सालूबाई, हे तुमच्या घरातलं हाय का?"

सासूबाई शिवत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा नाकावर सारला, कागद हातात घेतला आणि उलगडला. वर लाल अक्षरांत मोठं वचन होतं. थकल्याभागल्या सगळ्यांना प्रभू आपल्याजवळ बोलावतो, असं ते वचन. खाली तारखा. मध्ये साखरेचे दाणे चिकटलेले.

त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं.

"आमचंच आहे," त्या म्हणाल्या.

"ह्याच्यात काय बांधून दिलं व्हतं?"

हे त्यांना माहीतच नव्हतं. मी म्हणाले, "साखर. आणि मीठ. बाळाला जुलाब होत होते म्हणून."

"साखर दिली ती झाक केलं," संपतराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यानंच जास्त भीती वाटत होती. "पन साखरंबरोबर हे कशाला? मानसं बुडाल्यात, घरं बुडाल्यात. पोरगं मरायला टेकलेलं. आणि तुमी पुडीतनं बोलवताय व्हय, हिकडं या म्हणून?"

"कागद नव्हता दुसरा," मी म्हणाले.

मागून कुणीतरी हसलं. "कागद न्हवता म्हणं."

"मी सांगत व्हतो," दुसरा म्हणाला, "ट्रंक भरून उगंच ठेवत न्हाई कोन. ह्याच दिवसाची वाट बघत बसलेत."

संपतरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. "हे बघा सालूबाई, आजपतोर मी कुणाला बोलू दिलं न्हाई. का? तर तुमी फुकट काय देत न्हाई. देवघेव हाय, त्याला कोन काय म्हणनार? दाढ्या केल्या, तुरटी घेतली. मिटलं. पन हे फुकट दिलेलं असंल तर मग ते वाटप झालं. आमिष झालं. मग पानी उतरल्यावर हा कागद घेऊन मला ठाण्यात जावं लागंल. आन तवर ह्या दारात शाळेतलं कोन येनार न्हाई. तुरटीला बी न्हाई."

"पाणी काय प्याल मग?" सासूबाईंनी विचारलं.

"गढूळ पिऊ."

मी हन्नाला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. आज ही माणसं शाळेत होती. पाणी उतरल्यावर गल्लीत असतील, बाजारात असतील, चर्चच्या फाटकाशी असतील. सासूबाईंना उरलेला जन्म ह्यांच्यातच काढायचा होता. आणि शाळेतली सगळी पोरं गढूळ पाणी पिणार होती. माझ्या एका कागदामुळे.

"मी फुकट काही देत नाही हे साऱ्या शाळेला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मग ह्या साखरंच्या बदल्यात काय घेतलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि त्या खोटं बोलणार नव्हत्या. मी बोलायला तोंड उघडलं. सांगण्यासारखं एकच होतं: काही नाही घेतलं.

"मी तिच्या पोरीला पाजलं."

बायकांच्या मागून आवाज आला. रेणुका पुढे आली. पदर दातांत नव्हता आता.

"काय बोलतीस?" हौसाबाई म्हणाली.

"साखर घेतली आन तिच्या पोरीला पाजलं. अंगावर. ती डबं काढत व्हती, पोरगी रडत व्हती. घेतली मांडीवर आन पाजली. फिटलं."

"आपलं पोर उपाशी, आन तू भाईरच्या पोरीला..."

"व्हय आत्या. साखर पायजे व्हती मला. हाताला दुसरं काय येत न्हाई माझ्या."

हौसाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. चारचौघांत, पुरुषांच्या देखत, सून असं बोलली होती. पुरुष माणसं जमिनीकडे बघायला लागली. दुधाच्या गोष्टीत पुढचा प्रश्न काय विचारणार? संपतरावांनी सासूबाईंच्या हातातला कागद परत घेऊन त्याची घडी घातली. एकदा, दोनदा. मग ती सासूबाईंच्या शिवणाच्या मशीनवर ठेवली.

"म्होरल्या टायमाला साध्या कागदात बांधा," ते म्हणाले आणि वळले.

घोळका विरला. सासूबाईंनी दार लोटलं आणि पाटावर बसल्या.

"पाजलं होतं तिनं हिला?"

"नाही."

"मग काय दिलं?"

"काही नाही. ती विचारत होती. मीच नको म्हटलं."

मला वाटलं होतं बोलतील, चांगलं फैलावर घेतील. त्या हन्नाच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढत राहिल्या.

"बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. परदेशातून दुधाची पावडर यायची, ती कालवून वाटायचं काम त्यांच्याकडे. रांग लागायची. माझी एक मैत्रीण होती, कोंडा. सागरगोटे खेळायला माझ्याशिवाय तिला कुणी चालत नसे. ती रोज रांगेत यायची, वाटी पुढे करायची, आणि मी मोठ्या तोऱ्यात तिच्या वाटीत दूध ओतायची. फुकट. सगळं फुकट. दुष्काळ सरला. नंतर कोंडा कधी खेळायला आली नाही. मी दिसले की गल्ली बदलायची. पोट भरलं होतं गं तिचं, पण मान खाली गेली होती. ती माझ्यामुळे गेली हे मला कळायला पुढं वीस वर्षं लागली. आणि गाव वडिलांना म्हणालं, दूध पाजून माणसं विकत घेतो मास्तर. त्यांनी एक माणूस कधी विकत घेतला नाही. पण त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. फुकटाला साक्षीदार नसतो."

मला हापशावरची रेणुका आठवली. माझ्याकडे न बघता घागर उचलणारी. आणि ते म्हातारबुवा आठवले. आता लक्षात आलं, गाणं संपल्यावर साबण घेऊन ते ताठ चालत गेले होते, आणि शाळेच्या वऱ्हांड्यात त्यांनी पुन्हा तेच गाणं म्हटलं होतं, न विचारता.

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला घे."

"कुठं?"

"शाळेत. ती आपल्यासाठी खोटं बोलली."

"खोटं ती बोलली, आई. आपण नाही."

"बोलली ती, पण वाचलो आपण. ते तसंच ठेवून मला रविवारी प्रभूच्या मेजाशी भाकर घ्यायला जाता यायचं नाही. चल. खोटं आहे ते खरं करून घेऊ."

शाळेच्या तिसऱ्या वर्गात, फळ्याखाली, रेणुकाची पथारी होती. सुनेशी अबोला धरून हौसाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, नातू मांडीवर. आम्ही आत शिरलो तशा सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

सासूबाई सरळ खाली जमिनीवर बसल्या, हौसाबाईच्या समोर.

"पोर आजारी आहे हे मला सकाळीच सांगितलं असतंस," त्या रेणुकाला म्हणाल्या, "तर मी काही विचारलं नसतं."

"म्हणून तर न्हाई सांगितलं," रेणुका म्हणाली. "दया केली असती तुमी."

सासूबाईंनी पथारीची दुमडलेली कड सरळ केली. मग त्या हळू आवाजात, फक्त आमच्यापुरतं म्हणाल्या, "तू मघाशी जे बोललीस ते खरं कर. दोन घोट पुरेत. तुझ्या लेकराचं तोडू नकोस."

हौसाबाई गर्रकन वळली. सुनेकडे, मग आमच्याकडे बघितलं. तिच्या ध्यानात सगळं आलं. पाजलं नव्हतंच. ह्या बाया मागाहून फेडून घ्यायला आल्यात, आणि तेही खोटं खोटं राहू नये म्हणून. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट सांगता येणार नाही. हसू नव्हतं.

"येडी मानसं हाईत गं ही," ती सुनेला म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज सरळ होता.

रेणुकानं हात पुढे केले. मी हन्नाला दिली. देताना माझे हात सुटत नव्हते. अंगडं तिच्या बोटांत अडकलं, ते मी सोडवलं. हन्नानं आधी तोंड फिरवलं. वास ओळखीचा नव्हता. रेणुकानं तिच्या गालावर बोट फिरवलं, काहीतरी पुटपुटली, आणि मग हन्नानं तोंड लावलं. एक घोट. दोन. रेणुकाचे डोळे मिटले.

आणि त्या आवाजासरशी मला पान्हा फुटला. चार महिन्यांचं तान्हं माझं, दूध उदंड. ब्लाउज पुढून भिजला, पदर भिजला. मी हातांनी झाकायला लागले. हौसाबाईच्या मांडीवरचं पोर माझ्याकडे टक लावून बघत होतं. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली निळं. त्यानं नुसती मान पुढे केली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या फळ्याकडे बघत होत्या. फळ्यावर कुणीतरी पूर येण्याआधीची तारीख लिहिलेली होती. ती जणू फार वाचण्यासारखी आहे, अशा त्या बघत राहिल्या.

मी हात पुढे केले.

हौसाबाईनं नातवाला छातीशी ओढलं. मग तिनं त्याच्या तोंडावरची माशी वारली, त्याला दोन्ही हातांवर घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. तो हलका होता. दहा महिन्यांचं पोर इतकं हलकं असू नये. पण त्यानं जो ओढून घोट घेतला, त्यात सगळी ताकद होती.

हौसाबाई माझ्याजवळ सरकली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. हापशावर ती ज्या आवाजात बोलायची त्याच खणखणीत आवाजात, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं तिनं विचारलं,

"ह्येच्या बदल्यात काय घेशील?"

मला एकदम हसू आलं, आणि डोळेही भरून आले. मी त्या पोराच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

शनिवारी बोट आली, लेकुरवाळ्यांना घेऊन गेली. मी काठावर उभी राहून दोरी धरायला मदत केली. सासूबाईंनी आदल्या रात्रीच मला मेणात काड्या बुडवायला शिकवायला घेतलं होतं, आणि अर्ध्या आगपेट्या व्हायच्या होत्या.

ह्याला आता सहा वर्षं झाली. हन्ना शाळेत जाते. सुट्टीत गावी गेलो की रेणुकाच्या पोराशी भांडते आणि त्याच्याशिवाय जेवत नाही. हौसाबाई थकली आहे. आम्ही त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं की ओसरीवरून तिचं एकच विचारणं असतं: "काय गं, झाला का इचार करून?"

मी अजून सांगितलेलं नाही.